पिंजऱ्यातल्या पोपटाची निगा आणि खाणं
(शेतकरी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. हा प्राणी दूध देत नाही, औताला चालत नाही आणि विकून चार पैसेही मिळवून देत नाही. पण ज्या घरात तो आहे, त्या घरातल्या पोराबाळांचा जीव त्याच्यात अडकलेला असतो. मी बोलतो आहे पाळीव पोपटाविषयी.

आपण म्हणाल, पोपटाला लागतं काय? एक मिरची, पेरूची फोड आणि मूठभर हरभऱ्याची डाळ. इथंच चूक होते. मोकळा पोपट दिवसभरात दहा झाडं हिंडतो आणि अंगाला काय हवं ते स्वतः शोधून खातो. पिंजऱ्यातल्या पाखराला ती सोय नाही. आपण देऊ तेच त्याचं अन्न. चुकीच्या खाण्यानं आणि घरातल्याच विषानं ही पाखरं बरेचदा दगावतात. थोडं लक्ष दिलं तर ते टळतं.

कोणता पोपट पाळावा?

ही गोष्ट आधी नीट समजून घ्या. आपल्या रानातला गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट, मोठा पहाडी पोपट, तांबड्या डोक्याचा तुईया, हे सगळे रानपक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात पिंजऱ्यात ठेवणं, सगळंच गुन्हा आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "आमच्या आज्यापासून घरात पोपट आहे," हे उत्तर कायद्यापुढं चालत नाही.

हिवाळा सरता सरता झाडांच्या ढोलीत पोपटांची पिल्लं असतात. झाड तोडताना किंवा वाऱ्यावादळात एखादं पिल्लू खाली पडतं आणि पोरं ते घरी आणतात. असं पिल्लू सापडलं तर ते परत ढोलीत ठेवा. ढोल मोडली असेल तर छोट्या टोपलीत गवत घालून ती त्याच झाडाला उंचावर बांधा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. ती येते आणि भरवते. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा वनविभागाचा मदतीचा क्रमांक आहे. घरात आधीपासून असा पोपट असेल तर त्याला एकदम उडवून देऊ नका. पंख कापलेला, माणसाळलेला पोपट दोन दिवसांत मांजराच्या नाहीतर कावळ्याच्या तावडीत सापडतो. वनविभागाच्या हवाली करा.

मग पाळायचा कोणता? पाळता येतो तो बजरीगर. बाजारात ज्याला सगळे सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, तो छोटा हिरवा, पिवळा किंवा निळा पोपट बहुतेक वेळा बजरीगरच असतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगर ऑस्ट्रेलियातला. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञानं जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, आणि तेव्हापासून ते पिंजऱ्यातच वाढत आले आहेत. आपल्याकडचे बजरीगर कित्येक पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले असतात. त्यांना रानात सोडलं तर ते जगत नाहीत. काकाकुवा, मकाव असे मोठे परदेशी पोपट घ्यायचे असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. म्हणून यापुढं मी बजरीगरविषयीच बोलणार आहे.

दाणा कोणता आणि किती?

ऑस्ट्रेलियाच्या माळरानात बजरीगर गवताचं बी खाऊन राहतो. आपला राळा, वरी, बाजरी ही त्याच जातीची पिकं. म्हणजे याचं खाणं आपल्या शेतातच आहे. सालासकटचा, न सडलेला राळा दोन भाग, बाजरी एक भाग आणि न सडलेली वरी एक भाग असं मिश्रण करावं. एका पाखराला दिवसाला चहाचे दीड ते दोन चमचे पुरतात. सूर्यफूल, करडई, तीळ, शेंगदाणे हे तेलाचे दाणे त्याला फार आवडतात. पण आवडतात म्हणून वाटी भरू नका. दिवसाकाठी दोन-चार दाणे, तेही हातातून. जास्त झाले तर पाखराच्या अंगावर चरबी चढते आणि काळीज बिघडतं.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोंबडी दाणा अख्खा गिळते. पोपट तसा गिळत नाही. तो दाणा सोलतो, आतला गर खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. संध्याकाळी आपण बघतो तर वाटी काठोकाठ भरलेली! वाटतं, आज खाल्लंच नाही वाटतं. प्रत्यक्षात वाटीत नुसती फोलपटं असतात आणि पाखरू उपाशी असतं. बजरीगरचं वजन अवघं तीस-चाळीस ग्रॅम. एक-दीड दिवसाची उपासमारही त्याच्या जिवावर बेतते. म्हणून रोज सकाळी वाटी हातात घ्या, फुंकर मारून फोलपटं उडवा, खाली दाणा किती उरला ते बघा आणि मग नवा दाणा घाला. घरात पाखरू भरल्या वाटीपाशी मेलं, असं जे ऐकायला येतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

नुसत्या दाण्यावर भागत नाही

आपण जनावराला नुसता कडबा घालत नाही, ओला चाराही देतो. तसंच इथं. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं. मग नाक गळतं, श्वासाचा त्रास होतो, पिसं निस्तेज होतात. त्याला रोज थोडा हिरवा पाला हवा. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला उत्तम. किसलेलं गाजर, तांबडा भोपळा द्यावा. पालक आठवड्यातून एकदाच द्या, कारण तो चुना अंगी लागू देत नाही. मोड आलेले मूग-मटकी चांगले. मात्र ते स्वच्छ धुऊन द्यावेत आणि दोन-तीन तासांत उरलेलं काढून टाकावं, नाहीतर आंबतं. शेतात राळ्याचं किंवा बाजरीचं कणीस दुधात आलं की एक कणीस पिंजऱ्यात टांगा. पाखरू दिवसभर त्याच्याशी झटत बसतं. पोट भरतं आणि मनही रमतं.

पहिल्यांदा पाला दिला तर ते तोंड लावणार नाही. नव्या वस्तूला ते बिचकतं. आठ-पंधरा दिवस रोज थोडा थोडा टांगत राहा, एक दिवस चोच लावतंच.

हाडासाठी, अंड्यासाठी चुना लागतो. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा पिंजऱ्याला बांधून ठेवा. त्यावर चोचही झिजते. पाणी रोज बदला, उन्हाळ्यात दोनदा. भांडं घासून घ्या, नुसतं वरून पाणी ओतू नका.

मिरचीचं काय, असं विचाराल. पाखराला मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून ते मिटक्या मारत खातं. मिरची वाईट नाही, पण तो काही जेवणाचा प्रकार नव्हे. शिवाय बाजारच्या मिरचीवर फवारण्या फार झालेल्या असतात. घरच्या, न फवारलेल्या झाडाची असेल तर एखादा तुकडा द्यावा.

दूध, दूध-पोळी देऊ नका. पाखराला दूध पचत नाही. चहा, बिस्किट, फरसाण, लोणचं, चॉकलेट, दारूचा थेंब, काही नको. गंमत म्हणून पाजलेला चहाही एवढ्याशा जिवाला भारी पडतो.

आपल्याच घरातलं विष

हे शेतकऱ्याच्या घरासाठी खास सांगतो.

पेरणीसाठी आणलेलं बियाणं औषध लावलेलं असतं. ते लाल, गुलाबी, हिरवं, निळं दिसतं. पेरून उरलेलं असं बियाणं पाखराला, कोंबड्यांना कधीही घालू नका. धुऊन, वाळवूनही नको. धान्याच्या कोठीत कीडनाशक गोळ्या ठेवल्या असतील तर त्यांचा वायू माणसालाही मारतो, मग पाखराची काय कथा? त्या खोलीत पिंजरा नसावा आणि तो दाणाही त्याला नसावा. फवारणी झालेल्या शेतातला, बांधावरचा पाला आणू नका.

बुरशी धरलेला, कुबट वासाचा मका आणि काळपट शेंगदाणे फेकून द्या. त्या बुरशीचं विष काळजावर जातं. "माणसाला नको, पाखराला चालेल," असं म्हणून खराब दाणा त्याच्या वाटीत घालू नका. जो दाणा आपण खाऊ तोच त्याला द्यावा.

पिंजरा चुलीपाशी टांगू नका. धूर, फोडणीचा खकाणा, डासांच्या अगरबत्तीचा धूर पाखराच्या फुप्फुसाला सोसत नाही. न चिकटणारा काळ्या लेपाचा तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणाऱ्या वाफेनं पाखरू काही मिनिटांत मरतं, आणि आपल्याला वासही येत नाही.

पिंजरा

पाखरू आडवं उडतं, उभं नाही. म्हणून पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा. एका जोडीला निदान अडीच-तीन फूट लांबीचा बघा. गजांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको, डोकं अडकतं. बसायला कडुलिंबाच्या, पेरूच्या काटक्या घाला. काही बोटाएवढ्या, काही त्याहून बारीक. सगळ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या असल्या तर पायाला घट्टे पडतात. कुरतडायला दाणे काढलेलं मक्याचं कणीस टाका. बजरीगर कळपानं राहणारा पक्षी आहे, एकटा ठेवला तर झुरतो. दोन ठेवावेत. मोठ्या पाखरात चोचीवरचा भाग नराचा बहुधा निळा आणि मादीचा तपकिरी असतो.

सकाळचं कोवळं ऊन लागू द्या, पण अर्धा पिंजरा सावलीत असावा. वैशाखात चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसलं तर ते उन्हानं कासावीस झालं असं समजा. पिंजऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट बांधा, आत पसरट ताटलीत अंघोळीला पाणी ठेवा. रात्री कापड टाका, एक बाजू मात्र उघडी राहू द्या. दहा-बारा तास झोप त्याला हवी. मांजर, उंदीर, साप आणि तांबड्या मुंग्या यांच्यापासून पिंजरा जपा.

आजार कसा ओळखावा?

पाखरू आजार लपवतं. रानात दुबळं दिसलं की शिकारी झडप घालतो, ती सवय पिंजऱ्यातही जात नाही. त्यामुळं ते आजारी दिसायला लागलं तेव्हा आजार बराच पुढं गेलेला असतो. पिसं फुलवून दिवसा झोपणं, तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, विष्ठा पातळ होणं किंवा बुडाशी चिकटणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. छातीचं हाड बोटानं चाचपून बघा. सुरीच्या पात्यासारखं धारदार लागलं तर पाखरू वाळलं आहे. वाटेत त्याला उबेत ठेवा. माणसाची गोळी चुरून देऊ नका.

चोचीवर पांढरे खडबडीत खवले आले तर ते बारीक किड्याचं काम असतं. त्यावर औषध आहे, पण ते डॉक्टरांकडूनच घ्या. गाई-बैलांच्या गोचिडांचं औषध पाखरावर मारू नका, ते जागेवर मरेल.

पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही ताप-खोकल्याचा एक आजार होऊ शकतो. म्हणून तळ आधी पाण्यानं भिजवून मग साफ करा, आणि हात साबणानं धुवा. नवं पाखरू आणलं तर महिनाभर वेगळं ठेवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. रानातला पोपट पकडू नका, विकत घेऊ नका. सापडलेलं पिल्लू झाडावरच ठेवा.
२. रोज सकाळी वाटीतली फोलपटं फुंकून दाणा बघा.
३. दाण्याबरोबर रोज थोडा हिरवा, न फवारलेला पाला द्या.
४. दूध, चहा, खारट, तळलेलं बंद.
५. औषध लावलेलं बियाणं आणि बुरशीचा दाणा पाखराजवळ नको.
६. धुरापासून आणि दुपारच्या उन्हापासून जपा.
७. पाखरू फुगून बसलं तर उद्याची वाट बघू नका.

या सगळ्याला रोजचा पाव तास लागतो. बजरीगर नीट सांभाळला तर पाच ते दहा वर्षं जगतो. तेवढी वर्षं रोज पाव तास द्यायची तयारी असेल तरच पिंजरा घरात आणा. आणि हे काम घरातल्या पोरांकडून करून घ्या. मुक्या जिवाच्या वाटीत दाणा आहे की फोलपट, हे रोज बघणारं पोर उद्या गोठ्यातल्या जनावराकडंही तसंच लक्ष देईल.