कुंभारीची लढाई : भाऊ विरुद्ध भाऊ



आज आम्ही तुम्हांला आपल्या वऱ्हाडातली एक जुनी लढाई सांगणार आहोत. ही लढाई परक्याशी नव्हती. एका बापाच्या दोन लेकांत ती झाली.

त्या काळी नागपूरला भोसल्यांचे राज्य होते. वऱ्हाडच्या वसुलीत मात्र भोसले आणि हैदराबादचा निजाम असे दोघे वाटेकरी होते. याला दोअमली म्हणत. रयत एक, धनी दोन.

नागपूरच्या जानोजी भोसल्यास मूल नव्हते. भाऊ मुधोजी याचा मुलगा रघूजी, त्याला दत्तक घ्यायचे ठरले. पण सगळे पक्के होण्याआधीच, १७७२ साली जानोजी वारला. मुधोजी म्हणे, गादी माझ्या मुलाची. दुसरा भाऊ साबाजी म्हणे, कारभार माझा. झाला तंटा सुरू!

मग दोघेही बाहेर मदत शोधू लागले. पुण्यात पेशव्यांच्या घरातही तेव्हा चुलत्या-पुतण्याचे वैर होते. पुतण्या नारायणराव साबाजीच्या बाजूचा, तर चुलता राघोबादादा मुधोजीच्या बाजूचा. आपल्या रिद्धपूरच्या शेजारी अचलपूर आहे. तिथला इस्माईलखान मुधोजीला मिळाला.

१७७३ साली अकोल्याजवळ कुंभारी येथे दोन्ही फौजा भिडल्या. कोणीच जिंकले नाही. शेवटी दमून समेट केला. रघूजीला गादी द्यायची ठरले. हेच आधी बसून ठरवता आले नसते काय? फौज चालली म्हणजे हजारो घोड्यांना चारा लागतो, माणसांना दाणा लागतो. तो येतो कुठून? शेतकऱ्याच्या कडब्यातून अन् कणगीतून.

समेटही टिकला नाही. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे पुन्हा लढाई झाली. साबाजीची सरशी होत होती. तो मुधोजीच्या हत्तीजवळ जाऊन भिडला. मुधोजीने गोळी झाडली आणि साबाजी ठार झाला. रघूजीला गादी मिळाली, पण चुलत्याच्या रक्तातून.

आता राजे गेले. पण वावराचा धुरा, विहिरीचे पाणी, घराची भिंत यांवरून भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, हे आपल्या गावोगावी दिसते. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. शेत पडीक राहते अन् पैसा कोर्टकचेरीत जातो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. घरातले वडीलधारे हयात आहेत, तोवरच सर्वांनी एकत्र बसावे. बहिणींनाही बोलवावे, कायद्याने त्यांचाही हिस्सा आहे. ठरेल ते कागदावर लिहावे, त्याची नोंद करावी आणि सातबारा पाहून घ्यावा. आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा अंगठा नको. कागद स्वतः वाचा, समजून घ्या, मगच सही करा.

कागदाने मने जुळत नाहीत, हे खरे. पण उद्याचा तंटा पुष्कळ वेळा टळतो.