पाहुणा एक, नोंदी दोन

समजा, गोंदियाहून नागझिऱ्याला जायचंय. एका संकेतस्थळावर मुक्कामाची माहिती पाहिली, पैसे भरायला त्याच मालकाच्या दुसऱ्या संकेतस्थळावर गेलात. माणूस एकच, पण हिशेबात पाहुणे दोन! कारण कुकी, म्हणजे ब्राउझरमधली छोटी नोंद, ज्या डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, असते त्यालाच वाचता येते. गूगल ॲनालिटिक्स या पाहुणे मोजणाऱ्या सेवेत दोन्ही डोमेन जोडली, की लिंकच्या शेवटी ओळखक्रमांक चिकटतो आणि मोजणी एकच राहते. त्यात तुमचं नाव नसतं.

परक्या संकेतस्थळांवरही माग काढणाऱ्या त्रयस्थ कुकी मात्र वेगळ्या. ॲपलच्या सफारी ब्राउझरने त्या २०२० पासून सरसकट अडवल्या. इतर ब्राउझरमध्येही गोपनीयतेच्या सेटिंगमधून तुम्हाला त्या बंद करता येतात. आजच तपासून पाहा.