उपवासकाळ आणि प्रकृति

भिवंडी तालुक्यांतील दिघाशीच्या पश्चिमेस वसईचा किनारा. तेथील कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारीं कपाळीं राख लागली, कीं ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळून दिवस चाळीस. उपवासाच्या दिवशीं जेवण एकच, शिवाय दोन वेळां थोडेंसें खाणें. मांस वर्ज्य, मासळी नव्हे. परंतु त्या सवलतीवर पापलेटाची मेजवानी झोडणारास उपवास कळलाच नाहीं. यशया संदेष्ट्यानें तर आपली भाकर भुकेल्यास वांटणें ह्यालाच उपवास म्हटलें.

१९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं सक्तीचा उपवास राखेचा बुधवार व गुड फ्रायडे ह्या दोनच दिवसांपुरता ठेविला. साठाव्या वर्षांत पदार्पण केलेल्यांस तोहि बंधनकारक नाहीं, आजाऱ्यांस तर नाहींच. तरी वृद्धच अधिक हट्ट धरितात! मधुमेहावर औषध घेणारा उपाशी राहिल्यास रक्तांतील साखर एकाएकीं उतरून घेरी येऊं शकते. त्यानें डॉक्टरांस विचारून वेळेवर जेवावें. सोडावयाचेंच असेल, तर तंबाखू सोडावी.