आधी पापणी, मग औषध

कळप दुसऱ्याच्या हवाली करून आलेल्या माझ्या मेंढपाळ-शेळीपालक बंधू-भगिनींनो,

आटपाडीत आपलं मनापासून स्वागत. मेंढरं मागे ठेवून येताना जिवाला किती घोर असतो हे मला ठाऊक आहे, म्हणून लांबण लावत नाही.

आपल्या माणदेशाला दुष्काळी म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली, पण मेंढरं जगवली ती याच कोरड्या रानानं. वाडवडील घाट उतरायचे ते पाऊस सरल्यावर; ओल्या चाऱ्यावर मेंढरू टिकत नाही हे ते जाणून होते. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, बांध हिरवे झाले. आनंदच आहे. पण जंतालाही हेच हवं असतं. लेंडीतल्या अंड्याला ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात अळी तयार होते आणि ओल्या पात्यावर चढून बसते.

या जंतांतला हिमोंकस खरा वैरी. तो चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ५,००० जंतांनी रोजचं पाव लिटर रक्त गेलं! बरं, जनावराला बहुधा हगवणही लागत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. ते कळपामागे रेंगाळतं, जबड्याखाली पाणी उतरतं आणि एखाद्या सकाळी वाड्यात मरून पडलेलं सापडतं. झाडपाला खाणारी शेळी यातून बरीचशी वाचते. तिला खुरटं गवत चारलं की तिचेही तेच हाल.

आणि आपण करतो काय? सगळ्या कळपाला सरसकट एकच औषध, तेही वजन न करता, अंदाजानं. त्यातून वाचलेले जंत औषधाला दाद देत नाहीत, पुढे वीण वाढते ती त्यांचीच. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी यावर ‘फामाचा’ नावाचा तक्ता काढला. खालची पापणी उलटायची, आतला रंग तक्त्यावरच्या ५ रंगांशी ताडायचा. लालभडक असेल तर औषध नको, पांढरी पडली असेल तर ताबडतोब. औषध न पाजलेल्या जनावरांत साधे जंत उरतात, त्यामुळे औषधाचा गुण टिकतो. औषध दुकानदारांना हे फारसं रुचणार नाही, पण आज त्यांनाही आमंत्रण आहे.

मांडवामागे मेंढ्या बांधल्या आहेत. जेवणाआधी प्रत्येकानं दोन-चार पापण्या स्वतःच्या हातानं उलटून पाहाव्यात, डॉक्टर शेजारी उभे असतील. जेवणाला मटण आहे. माळकरी मंडळींची पंगत डाव्या हाताला. पहिल्या सत्राच्या वक्त्यांनी आता व्यासपीठावर यावं, ही विनंती.