फिलिप्पो नावाची माणसे

मंडळी, एका नावाची माणसे गोळा करून त्यांच्यावर बोलायचे, हा उद्योग तुम्हाला रिकामटेकडा वाटेल. पण फिलिप्पो हे नाव फ्लॉरेन्समध्ये शतकानुशतके चालत आलेले आहे, आणि त्यातला एक फिलिप्पो आपल्या गोव्यात वारला. त्याच्यापर्यंत जरा वळसा घालून जाऊ.

फ्लॉरेन्समधल्या मुलांचा बाप्तिस्मा पिढ्यान्पिढ्या सान जोव्हान्नी या एकाच वास्तूत होई. तिच्या कांस्य दारांसाठी 1401 साली स्पर्धा लागली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की ती हरला आणि काम शिल्पकार गिबेर्तीकडे गेले. हरला ते उत्तमच झाले. समोरच्या कॅथेड्रलचे छत सुमारे 45 मीटर उघडे पडले होते. त्यावर घुमट चढवायचा, तर खालून आधाराला एवढे लाकूड आणायचे कुठून? ब्रुनेलेस्कीने लाकडी साचाच टाळला. एकात एक असे दोन घुमट उचलले. आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा अशा गुंफल्या, की चुना ओला असतानाही थर घसरू नयेत. माल वर चढवायला बैलांनी फिरवायचे यंत्र केले. 1420 साली सुरू झालेला हा घुमट 1436 मध्ये पुरा झाला.

दुसरा फिलिप्पो म्हणजे चित्रकार फ्रा फिलिप्पो लिप्पी. तो साधू होता, म्हणजे वेशाने. प्रातो गावी चित्रे काढता काढता लुक्रेत्सिया बुती नावाच्या जोगिणीशी त्याचे जमले. मुलगा झाला, तोही फिलिप्पो. सगळे त्याला फिलिप्पीनो म्हणत. बाप 1469 साली गेला. मुलगा पुढे बोत्तिचेल्लीच्या हाताखाली तयार झाला, आणि बोत्तिचेल्ली बापाचाच शिष्य! ज्या कार्मिने मठात बाप वाढला, तिथली मासाच्चोची अपुरी भित्तिचित्रे या पोराने पुरी केली.

 

आता आपला माणूस, फिलिप्पो सास्सेत्ती. जन्म 1540, फ्लॉरेन्सच्या व्यापारी घराण्यातला. मिरीच्या व्यवहारासाठी 1583 साली तो कोचीनला उतरला, पुढे गोव्यात राहिला. मिरीइतकाच त्याला इथल्या वनस्पतींचा आणि विद्येचा नाद. संस्कृत शिकायला इथली मुले सहा-सात वर्षे घालवतात, हे त्याने पत्रातून घरी कळवले. शिवाय एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. सहा, सात, आठ, नऊ यांचे संस्कृत शब्द त्याच्या भाषेतल्या सेय, सेत्ते, ओत्तो, नोव्हेजवळ येतात. देव आणि दीओ, सर्प आणि सेर्पे हेही तसेच. व्याकरणकार नव्हे, मिरी तोलून घेणारा माणूस हे लिहीत होता. त्याचे वेगळेपण मला यातच वाटते.

1588 साली तो गोव्यातच वारला. ब्रिटिश विद्वान विल्यम जोन्सने कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचे नाते जाहीरपणे मांडले ते 1786 मध्ये. पाठ्यपुस्तकांत नाव येते ते जोन्सचे.