जर्नलच्या पलीकडचे विज्ञान
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी भाषेचा शिक्षक. तरी आज विज्ञानाविषयी बोलणार आहे. त्याला कारण आमचा एक माजी विद्यार्थी. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना तो म्हणाला, "सर, प्रॅक्टिकल सोपे असते. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९८० यायला हवे, ते धरून आकडे मागाहून भरायचे." तो हसला, मला हसू आले नाही. मी म्हणालो, "एकदा खरे आकडे लिहून बघ."

मित्रांनो, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक असते तो सराव. सराव हवाच. परंतु जे उत्तर पुस्तकात नाही, सरांनाही ठाऊक नाही, ते शोधण्यासाठी केलेला प्रयोग म्हणजे संशोधन. तेथे आकडे जुळवणार तरी कशाशी?

डॉ. ओबेद सिद्दिकी यांचेच पाहा. अलीगढला शिकलेले हे शास्त्रज्ञ १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचे काम उभे केले. पुढे सेमूर बेंझर यांच्यासह त्यांनी फळमाश्यांवर प्रयोग केले. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी ही क्षुद्र माशी! त्यांतल्या काही माश्या उष्णता वाढताच लुळ्या पडत आणि थंडावा मिळाल्यावर पुन्हा हालचाल करू लागत. असे का व्हावे? या प्रश्नातून मज्जातंतूंतील संदेशवहनाचा माग निघाला.

असे काम जवळून पाहण्यासाठी एम. एस्सी.पर्यंत थांबण्याचे कारण नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम सुरू केला. देशातील तीन विज्ञान अकादमीही मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाजवळ राहून काम करतो. अर्ज मात्र उन्हाळ्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. म्हणून कॉलेजचा नोटीस बोर्ड वाचत जा, प्राध्यापकांना विचारा.

पालकहो, "पोरगा कमावणार कधी?" ही तुमची चिंता रास्त आहे. वाट लांब आहे, जागा थोड्या आहेत. तरीही एम. एस्सी.नंतर राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे शिकताना घरावर भार पडत नाही. आज मी तुमच्याकडे फक्त एक उन्हाळा मागतो. मुलासाठी आणि तितकाच मुलीसाठीही.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले? त्याने खरे आकडे लिहिले. उत्तर ९६८ आले. चूक शोधता शोधता त्याच्या ध्यानात आले, की दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची ती त्याने वरच्या कडेपर्यंतच मोजली होती. ९८० लिहिले असते तर हे त्याला कधीच कळले नसते.

जर्नलमध्ये जे दिसले तेच लिहा, मुलांनो. संशोधनाची सुरुवात तेथूनच होते.