ईश्वराज्ञेची मुदत



वकिली करणाऱ्या मनुष्यास मुदतीचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. दावा कितीही खरा असो, मुदत टळल्यावर दाखल झाला तर तो सामान्यतः काढून टाकिला जातो. ईश्वराच्या आज्ञेसही अशी मुदत असते, हा ख्रिस्ती धर्माच्या शिकवणीचा एक मोठा भाग आहे. ख्रिस्तानें गालील सरोवराच्या कांठीं कोळ्यांस हांक मारिली, तेव्हां ते जाळीं तेथेंच सोडून त्याच्या मागें गेले, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. आज्ञा मान्य, पण ती सवडीनें पाळूं, या वृत्तीस तेथें आज्ञापालन म्हणत नाहींत.

याचें उदाहरण आपल्या बारामती-इंदापुराच्या शेजारींच, दौंड तालुक्यांत केडगांवीं आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला होता. १८९६ सालीं त्या वेळच्या मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या पुण्यास शारदासदन चालवीत होत्या. अमेरिकेंतील मित्रमंडळीनें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें होतें. तीं वर्षें संपत आलीं होतीं आणि हातीं शिल्लक नव्हती. तरी तिकडील अनाथ मुलींस वांचविणें ही आपणांस झालेली ईश्वराची आज्ञा आहे, अशी खात्री होतांच त्या निघाल्या, आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगची साथ असल्यामुळें शहरांत जागा मिळेना. तेव्हां केडगांवच्या शेतांतच त्यांची सोय केली. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळांतही त्यांनीं असेंच केलें.

या त्वरेमागें कडू अनुभव होता. १८७४ सालापासूनच्या दुष्काळांत त्यांचे आईबाप व वडील बहीण उपासमारीनें गेलीं होतीं. भुकेल्यास उद्यांचें वचन पोंचत नाहीं, हें त्यांनीं घरांत पाहिलें होतें.

कोणी म्हणेल, व्यापारी मनुष्यानें हिशेब पाहिल्यावांचून पैसा कसा द्यावा? शंका रास्त आहे. त्वरा म्हणजे अविचार नव्हे. केडगांवची जमीन रमाबाईंनीं दुष्काळापूर्वींच घेऊन ठेविली होती. हांक आली तेव्हां पाय टेकावयास ती कामीं आली. चौकशी अवश्य करावी, परंतु तिचाही शेवटचा दिवस ठरवावा. ज्या चौकशीस शेवट नाहीं, ती नकाराचेंच सभ्य नांव होय.

आपल्या या दोन तालुक्यांत कालव्याखालचा बागाईतदार आणि पावसाकडे डोळे लावून बसलेला जिराईतदार यांच्यांत कोठें कोठें एका बांधाचेंच अंतर असतें. आषाढांत दिलेली वैरण बैल वांचविते. तीच कार्तिकांत दिली तर दावण रिकामी असते. आपला धर्म कोणताही असो, भुकेल्यास अन्न द्यावें ही आज्ञा त्यांत आहेच. म्हणून विनंति इतकीच कीं, जो आंकडा मनांत आला असेल, तो घरीं जाण्यापूर्वीं समितीच्या वहींत मांडावा, आणि धान्य द्यावयाचें असेल त्यानें उद्यां सकाळीं पेंव उघडावें.